ओल्या परसाला हिरवी चादर

कोकणातल्या घराच्या मागच्या दारी एक जागा हमखास ओली असते. न्हाणीचे पाणी तिथेच जाते, भांडी तिथेच घासली जातात, वजूचे पाणीही तिथूनच वाहते. त्यात पावसाळ्यात वरून पागोळ्यांची धार. चार महिने चिखल आणि पुढचे चार महिने शेवाळ, असा तिथला कारभार. फज्रच्या अंधारात वजूला उठलेल्या दादीचा पाय घसरतो तो नेमका इथे. उतारवयात खुब्याचे हाड मोडले की माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळते आणि सारे घर त्याच्याभोवती थांबते. तेव्हा ही ओली जागा म्हणजे काही क्षुल्लक बाब नव्हे.

बहुतेक घरांत यावर एकच उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे कोबा. आखातातून सुट्टीवर आलेला मुलगा अम्मीची अडचण पाहतो, गवंडी बोलावतो आणि आठ दिवसांत सारे परस सिमेंटने बंद करून परत जातो. त्याची माया खरी असते, पैसाही कष्टाचा असतो. पण दोन पावसाळे गेले की सावलीतल्या त्या कोब्यावर पुन्हा हिरवट थर चढतो. मातीपेक्षा ओला कोबा अधिक निसरडा, आणि त्यावर पडल्यास लागतेही जास्त.

कोबा आणि चिखल यांच्या मधली एक तिसरी वाट आहे. ओल सहन करणाऱ्या, नव्हे ओलीवरच वाढणाऱ्या, जमिनीला चिकटून पसरणाऱ्या वनस्पती आपल्याकडे मुबलक आहेत. त्या मातीवर चादरीसारख्या पसरतात, चिखल बांधून ठेवतात आणि पाणी जमिनीत मुरू देतात. खर्च जवळजवळ नाही. लागते ती थोडी समज आणि दोन-तीन महिन्यांचा सब्र.

कोब्यावरचे पाणी जाते कुठे?

एक साधा हिशेब करून पाहू. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा जागेवर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर तिथे सुमारे ९३० लिटर पाणी जमा होते. कोकणात असे दिवस पावसाळ्यात अनेकदा येतात. साऱ्या हंगामाचा पाऊस ३,००० मिलिमीटर धरला, तर एवढ्याशा जागेवर जवळपास २८,००० लिटर पाणी उतरते. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ तीन टँकर!

माती उघडी असेल तर यातला काही भाग जमिनीत जातो. कोबा असेल तर सारेच्या सारे वाहून जाते. बहुधा गडग्याच्या फटीतून शेजाऱ्याच्या परसात. दरवर्षी पावसाळ्यात मोहल्ल्यातली निम्मी भांडणे याच पाण्यावरून होतात, हे आपण सारेच पाहतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शेजाऱ्याच्या हक्काबद्दल किती ताकीद दिली आहे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतके वारंवार बजावत राहिले की शेजाऱ्याला वारसाहक्कही मिळतो की काय, असे प्रेषितांना वाटू लागले, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपले अंगण कोरडे करताना शेजाऱ्याच्या जोत्याशी पाणी लोटणे त्या हक्कात बसते का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

दुसरी गोष्ट विहिरीची. कोकणात पाऊस भरपूर, तरी एप्रिल-मे महिन्यांत कितीतरी विहिरी तळ गाठतात. जांभ्याच्या सच्छिद्र जमिनीतून पाणी लवकर खाली उतरते आणि उताराने खाडीकडे, समुद्राकडे निघून जाते. अशा मुलखात मातीची तोंडे आपणच सिमेंटने बंद केली, तर मुरणारे थोडेही मुरणार नाही. सूरह अल्-मुअमिनूनच्या १८ व्या आयतीत आकाशातून ठरावीक प्रमाणात पाणी उतरवून ते जमिनीत ठेवल्याचा उल्लेख येतो. जमीन ही त्या नेअमतीची साठवण आहे. आपल्या वाट्याला आलेल्या चार हात जमिनीत तरी तिला जागा ठेवावी.

आधी ओल ओळखा

ओली जागा आणि पाणथळ जागा यांत फरक आहे. तो ओळखल्याशिवाय रोपे आणू नयेत. यासाठी एक सोपा प्रयोग आहे आणि तो मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. एक फूट खोल आणि एक फूट रुंद खड्डा खणावा. तो पाण्याने भरावा आणि पाणी पूर्ण मुरू द्यावे. मग पुन्हा भरावा आणि या दुसऱ्या वेळचे पाणी किती वेळात मुरते ते पाहावे. काही तासांत खड्डा रिकामा झाला तर जागा नुसती ओली आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसत असेल तर ती पाणथळ आहे.

कोकणातल्या तांबड्या मातीत बहुतेक वेळा पाणी लवकर मुरते. तिथली ओल ही रोजच्या सांडपाण्याची असते. मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूर भागातल्या काळ्या मातीचे वागणे निराळे. ती पाणी धरून ठेवते, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत वाळूची एखादी पाटी टाकून काही साधत नाही. तिला हवे असते ते कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत, आणि तेही दरवर्षी.

पाणी डबक्यासारखे साचत असेल तर आधी उथळ चर काढून त्याला वाट करून द्यावी. साचलेल्या पाण्यात अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. पसरणाऱ्या वनस्पती लावल्या म्हणजे डास आपोआप जातील, असे मुळीच नाही. पाणी आधी हलले पाहिजे, हिरवळ त्यानंतर.

कोणत्या जागी काय लावावे

नीरब्राह्मी ही ओल्या जागेची खरी राणी. हिची पाने लहान, जाडसर आणि रसदार असतात. फुले इवलीशी, पांढरी किंवा फिकट निळसर. फांद्या जमिनीवर सरपटतात आणि प्रत्येक पेराला मुळे फुटतात. पाणी काही दिवस उभे राहिले तरी ती कुजत नाही. खाऱ्या ओलीतही ती तग धरते. त्यामुळे दाभोळ, जयगड, बाणकोट अशा खाड्यांच्या काठच्या गावांत, जिथे इतर रोपे टिकत नाहीत, तिथेही ही लावून पाहावी. तिला ऊन मात्र हवे. निदान अर्धा दिवस तरी.

कारिवणा म्हणजेच मंडूकपर्णी. अनेक ठिकाणी हिलाही ब्राह्मी म्हणतात, त्यामुळे रोपवाटिकेत घोटाळा होतो. ओळख सोपी आहे. कारिवण्याचे पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला कातरलेले आणि लांब देठावर उभे असते. नीरब्राह्मीचे पान बोटाच्या पेराएवढेही नसते आणि फांदीला चिकटून येते. कारिवण्याला सावली चालते. नारळी-पोफळीच्या आगरात, न्हाणीच्या उत्तरेला, जिथे ऊन जेमतेम येते अशा जागी हा उत्तम पसरतो. श्रीलंकेत याला गोटुकोला म्हणतात आणि त्याची पाने चिरून, ओले खोबरे घालून जेवणात घेतात.

जलपिंपळी, जिला काही भागांत रतोळिया म्हणतात, ती तुडवणे सहन करते. पाने लहान, कडेला दातेरी. फुलांचे जांभळट-पांढरे गोंडे बोंडासारखे वर येतात आणि त्यांवर मधमाश्या व फुलपाखरे सतत असतात. पावसाळ्यात ओली आणि उन्हाळ्यात कोरडी होणाऱ्या उन्हाच्या जागेसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. मात्र मधमाश्यांमुळे लहान मुले अनवाणी खेळतात तिथे ती लावू नये.

पिवळा माका हा आपला देशी माका. ओलसर बांधावर, पाटाच्या कडेला वाढतो. सूर्यफुलासारखी लहान पिवळी फुले येतात. याच्याबद्दल एक सावधगिरी आहे, ती पुढे सांगतो.

पुदिना तर घरोघरचा. बाजारातून आणलेल्या जुडीतल्या जाड काड्या खोचल्या तरी लागतो. ओल हवी, पण पाणी तुंबलेले नको. सकाळचे ऊन आणि दुपारची सावली मिळाली की खूष. त्याचे जमिनीखालचे धुमारे चौफेर धावतात आणि शेजारच्या रोपांना जगू देत नाहीत. म्हणून बूड कापलेली जुनी बादली जमिनीत पुरून तिच्यात पुदिना लावावा. रमजानमध्ये इफ्तारच्या चटणीला आणि सरबताला हाताशी राहतो.

दाट सावलीसाठी पुष्कळ जण जांभळ्या पट्ट्यांच्या पानांची शोभेची वेल किंवा मनी प्लांट जमिनीवर सोडतात. दिसायला छान, वाढायला सोपे. पण त्या जांभळ्या वेलीच्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज येते आणि मनी प्लांटचे पान चावल्यास तोंडाची आग होते. घरात रांगते मूल असेल तर या दोन्ही दूरच ठेवाव्यात.

राहिले हिरवळीचे गवत आणि हरळी. त्यांना भरपूर ऊन लागते. सावलीतल्या कायम ओल्या जागी ती पिवळी पडतात आणि तिथे पुन्हा शेवाळ येते. अशा जागी गवतावर पैसे घालू नयेत.

वेडेलियाचा मोह

रोपवाटिकेत ओल्या जागेसाठी काही मागितले की बहुधा वेडेलिया हाती पडतो. चकचकीत हिरवी पाने, बारा महिने पिवळी फुले, स्वस्त आणि न मरणारा. पण तो इथला नाही. मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटे हे त्याचे मूळ घर. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या जगातील १०० अति उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे. परसातून उपटून वहाळात फेकलेला एक तुकडाही तिथे मूळ धरतो आणि काठावरच्या देशी वनस्पतींना हटवतो.

आपला पिवळा माका आणि हा वेडेलिया दिसायला भावंडेच. पाने पाहावीत. वेडेलियाच्या पानाला कडेला दोन ठळक कोन असतात, त्यामुळे पान तीन भागांचे वाटते आणि ते तुळतुळीत असते. पिवळ्या माक्याचे पान लांबट, अरुंद आणि बहुधा सलग असते. घरी वेडेलिया आधीच असेल तर तो काढून उन्हात पूर्ण वाळवावा. ओला कचरा म्हणून बाहेर टाकू नये.

लावणी

कोकणात भर आषाढात लावणी केली तर पावसाची झोड कोवळे तुकडे वाहून नेते. मृगाचा पहिला जोर ओसरल्यावर, किंवा पाऊस कमी होऊ लागतो तेव्हा, ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत लावावे. घाटावर जुलै चांगला.

जागा निवडताना घराच्या जोत्यापासून दीड-दोन फुटांची पट्टी मोकळी सोडावी. भिंतीला चिकटून सतत ओल राहिली तर भिंत खराब होते. मग तण मुळासकट काढावे. हे काम कंटाळवाणे असले तरी सगळा खेळ त्यावरच आहे. हरळीचा आणि लव्हाळ्याचा एक गड्डा राहिला तरी तो पुढे चादरीतून डोके काढतो आणि तेव्हा तो उपटता येत नाही. माती चार-सहा इंच मोकळी करून वर दोन इंच कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत मिसळावे.

चार ते सहा इंचांचे तुकडे घ्यावेत. प्रत्येकाची दोन पेरे मातीत आणि टोक वर. दोन तुकड्यांत वीत-सव्वा वीत, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. या अंतराने एका चौरस मीटरला २५ तुकडे लागतात. तीन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद जागेला १५०. एवढे विकत आणण्याची गरज नाही. ओळखीच्या घरून एक मूठभर नीरब्राह्मी आणावी, पसरट कुंडीत वाढवावी आणि महिन्या-दीड महिन्याने तिचेच तुकडे करून लावावेत. आपल्याकडे वाढल्यावर आपणही मूठभर दुसऱ्याला द्यावी. ही वनस्पती वाटल्याने कमी होत नाही.

पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा तण काढायचे. हे काम घरातल्या मुलांकडे सोपवावे. तण कोणते आणि रोप कोणते हे ओळखायला शिकणे हाही अभ्यासच आहे. चादर मिटली, म्हणजे तुकडे एकमेकांना भिडले आणि माती दिसेनाशी झाली, की तणाला ऊन मिळत नाही आणि काम आपोआप कमी होते. दोन-तीन महिन्यांत हे होते. त्यानंतर वर्षातून दोनदा विळ्याने छाटले की पुरे.

ज्या वाटेने रोज जायचे ती वाट मात्र रोपांवर सोडू नये. ब्राह्मीवरूनही ओला पाय सरकू शकतो. तिथे खरखरीत पृष्ठभागाचे दगड, जमिनीत बसवून, घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या पावलाच्या अंतराने ठेवावेत. गुळगुळीत कडाप्पा किंवा टाइल नको. दगडांवर शेवाळ आले तर काथ्याच्या ब्रशने घासून काढावे. वाट दगडाची आणि भोवताल हिरवळीचा, असे झाले म्हणजे चिखल वाटेवर येत नाही. दादीच्या पायासाठी एवढेच हवे असते.

सापा-विंचवाची भीती

हिरवळ लावू म्हटले की घरातले वडीलधारे लगेच सापांची भीती घालतात. ती उडवून लावण्यासारखी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग भागात फुरशाचा त्रास पूर्वापार आहे. पण फुरसे राहते ते बहुधा कोरड्या, दगडाळ जागी. चिऱ्यांच्या ढिगात, गडग्याच्या फटीत, लाकडांच्या राशीत. तेव्हा आधी परसातले जुने चिरे, फुटकी कौले आणि नारळाच्या झावळ्यांचे ढीग हलवावेत. हिरवळ चार बोटांपेक्षा उंच होऊ देऊ नये. उंच, गच्च झाडोऱ्यात सापही लपतो आणि डासही बसतो. दार आणि हिरवळ यांत मोकळी, स्वच्छ पट्टी असावी. मागच्या दारी दिवा असावा आणि फज्रला बाहेर पडताना पायात चप्पल व हातात विजेरी असावी. ही काळजी हिरवळ नसली तरी घ्यायचीच आहे.

वजूचे पाणी

आता या ओलीच्या मुळाशी जाऊ. घरात सहा माणसे, दिवसाला पाच वेळा वजू आणि प्रत्येक वजूला दोन लिटर पाणी धरले तर रोजचे ६० लिटर होतात, महिन्याचे १,८००. नळ उघडा ठेवला तर याच्या दुप्पट-तिप्पट. प्रेषित (स.) एका ‘मुद’ पाण्यात वजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. मुद म्हणजे मध्यम माणसाच्या दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, आजच्या मापाने पाऊण लिटरच्या आसपास. तेव्हा पहिली गोष्ट, नळ बारीक ठेवावा आणि शक्य तिथे बधन्यानेच वजू करावा.

तरीही जे पाणी वाहणार, ते घरातल्या सांडपाण्यात सर्वांत स्वच्छ असते. त्यात साबण नाही, सोडा नाही, तेल नाही. हे पाणी वेगळ्या पन्हाळीने थेट ब्राह्मीच्या वाफ्याकडे न्यावे. कपडे आणि भांडी धुतलेले पाणी मात्र वेगळ्या वाटेने, अळू, कर्दळ आणि केळीच्या खड्ड्याकडे सोडावे. आपल्या दादी-नानींनी न्हाणीच्या मागे केळ आणि कर्दळ उगाच लावलेली नव्हती. त्या झाडांना पाणी खूप लागते.

एक नियम कटाक्षाने पाळावा. जे खायचे ते साबणाच्या पाण्यावर वाढवायचे नाही. वनस्पती पाण्यातले बरेवाईट दोन्ही शोषतात. चटणीचा पुदिना आणि कारिवणा स्वच्छ पाण्याच्या जागी असावा आणि तोही वापरण्याआधी नीट निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुवावा, कारण ओल्या पानांखाली गोगलगाई असतात. ब्राह्मीचे गुण सांगणारे पुष्कळ भेटतात. पण आजारावर, गरोदरपणात किंवा दुसरी औषधे चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय परसातले औषध घेऊ नये.

घरात जे जमते ते मशिदीतही जमेल. वजूखान्याचे रोजचे शेकडो लिटर स्वच्छ पाणी बहुतेक ठिकाणी गटारात जाते. मशिदीच्या आवारात चार वाफे आणि एक पन्हाळ, एवढ्यावर ते हिरवळीला आणि दोन झाडांना मिळू शकते. मोहल्ल्याच्या कमिटीपुढे हा विषय मांडायला हरकत नाही.

एखाद्या मुसलमानाने झाड लावले किंवा पेरणी केली आणि त्यातून माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले, तर ते त्याच्या नावे सदका होते, असे प्रेषितांनी सांगितल्याचे आपण वाचतो. ते वाचताना आपल्या डोळ्यांपुढे आंबा येतो, नारळ येतो. परसातल्या जलपिंपळीवर मध घ्यायला आलेली मधमाशीही त्यात आहे, असे आम्हाला वाटते.

सारे परस एकदम करायला घेऊ नये. यंदा न्हाणीजवळची फक्त दोन हात जागा घ्यावी. खड्ड्याचा प्रयोग करावा, शेजारच्या घरून मूठभर ब्राह्मी मागून आणावी आणि गवंड्याला सांगावे, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी त्याला बोलावण्याची गरज उरली नाही तर वाचलेल्या पैशांतून मागच्या दारी एक चांगला दिवा आणि भिंतीला धरायला एक दांडा बसवून घ्यावा. दादी दुआ देईल.